जुन्या एन्लार्जरचा वीजपुरवठा बदलताना : बारा व्होल्टच्या कलर हेडसाठी सविस्तर मार्गदर्शन

एन्लार्जरचा, म्हणजे नेगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापणाऱ्या यंत्राचा, दिवा पेटला म्हणजे वीजपुरवठ्याचे काम झाले, असे आपण सहसा धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्याकडून बरेच जास्त अपेक्षित असते. आज दहा सेकंदांत कागदावर जेवढा प्रकाश पडला, तेवढाच तो उद्या संध्याकाळी, सोसायटीतला पाण्याचा पंप आणि आजूबाजूचे एसी चालू असतानाही पडला पाहिजे. तसे झाले नाही तर कालच्या टेस्ट स्ट्रिपवरून (वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या चाचणीपट्टीवरून) आजचा प्रिंट काढता येत नाही आणि महागडा कागद वाया जातो. म्हणून जुना पुरवठा बदलताना केवळ दिवा लागतो यावर समाधान मानू नये. दिवा पेटलेला असताना होल्डरपाशी किती व्होल्ट मिळतात आणि ते दर वेळी तेवढेच मिळतात का, हाच या कामाचा निकष ठेवावा. या लेखातला प्रत्येक निर्णय मी याच निकषाला धरून घेतला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. या कामाची एक बाजू २३० व्होल्टची आहे, आणि डार्करूम ही पाण्याची, ओल्या हातांची आणि अंधाराची जागा आहे. ज्यांनी याआधी मेन्सच्या वायरिंगला हात लावलेला नाही, त्यांनी ती बाजू जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. बारा व्होल्टची बाजू, मोजमाप आणि जुळणी हे काम मात्र मल्टीमीटर हाताळता येणाऱ्या कोणालाही नीट करता येते. डार्करूमच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर आधी तो बसवून घ्यावा आणि मगच एन्लार्जर उघडावा.

आपल्या हेडला नक्की काय लागते

हा लेख १२ व्होल्ट, १०० वॅटचा हॅलोजन दिवा असलेल्या कलर हेडसाठी, म्हणजे एन्लार्जरच्या दिवा आणि रंगीत फिल्टर असलेल्या वरच्या भागासाठी, आहे. इटलीतील ब्रिक्सेनच्या डर्स्ट कंपनीच्या, चेक मिओप्टाच्या आणि जर्मन कायझरच्या अनेक कलर हेडमध्ये अशा दिव्याची योजना असते. दिव्यासाठी लागणारे बारा व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून येतात, आणि बहुतेक वेळा हा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत असतो. हेडच्या आतली फिल्टरची यंत्रणा, आरसे आणि प्रकाश मिसळणारी पेटी वर्षानुवर्षे टिकते. आधी थकतो तो हा ट्रान्सफॉर्मर किंवा त्याच्या पेटीतले इलेक्ट्रॉनिक सर्किट.

तरीही ब्रँडच्या नावावरून व्होल्टेज गृहीत धरू नये. हेड थंड असताना दिवा बाहेर काढावा आणि त्याच्या बुडाशी छापलेला मजकूर वाचावा. १२ व्होल्ट १०० वॅटच्या, परावर्तक असलेल्या दिव्यावर बहुधा ईएफपी हा संकेत असतो. ईएफएन हा ७५ वॅटचा दिवा त्याच होल्डरमध्ये बसतो, त्यामुळे मागच्या मालकाने तो घातलेला असू शकतो. ईएलसी म्हणजे २४ व्होल्ट २५० वॅट, तर अमेरिकी हेडमध्ये सापडणारा ईएसजे म्हणजे ८२ व्होल्ट ८५ वॅट. या शेवटच्या दोन्हींना पुढचे मार्गदर्शन जसेच्या तसे लागू पडत नाही. ज्या कंडेन्सर एन्लार्जरमध्ये दुधी काचेचा बल्ब थेट २३० व्होल्टवर चालतो, तिथे बदलण्याजोगा पुरवठाच नसतो. परावर्तक नसलेल्या दिव्याच्या काचेला उघडे बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तापलेल्या क्वार्ट्झवर डाग पाडतो आणि काच तिथून कमकुवत होते.

एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे पंखा. काही हेडमध्ये थंड हवेसाठी पंखा असतो आणि त्याला वीज त्याच जुन्या पेटीतून मिळते, कधी बारा किंवा चोवीस व्होल्टची, तर कधी थेट २३० व्होल्टची. हेडकडे जाणाऱ्या केबलमध्ये दोनापेक्षा जास्त वायर दिसल्या, तर प्रत्येक वायर कुठे जाते याचे चित्र वहीत काढल्याशिवाय एकही जोड सोडवू नये. पंखा दिव्याबरोबर बंद होतो की दिवा विझल्यावरही चालत राहतो, हेही नोंदवावे. नव्या व्यवस्थेत तो निदान पूर्वीइतका तरी चाललाच पाहिजे, अन्यथा फिल्टर आणि होल्डर दोन्ही तापून खराब होतात.

ट्रान्सफॉर्मर खरोखरच गेला आहे का

माझा अनुभव असा, की 'ट्रान्सफॉर्मर गेला' म्हणून ठरवलेल्या दुरुस्तीत दोष पुष्कळदा दिव्याच्या होल्डरमध्ये निघतो. १०० वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर ८.३३ अँपिअर प्रवाह लागतो. होल्डरच्या आतल्या स्प्रिंगचा ताण गेला किंवा तिच्यावर काळा थर चढला, की त्या जागी अर्धा-एक व्होल्ट सहज हरवतो. जागा तापते, तापल्यामुळे थर आणखी वाढतो आणि शेवटी दिवा लुकलुकू लागतो. दिव्याच्या पायांवर खड्डे किंवा निळसर-काळे डाग दिसले, तर आधी होल्डर बदलावा. जीवाय ६.३५ किंवा जीझेड ६.३५ मापाचा सिरॅमिक होल्डर, सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचे आवरण असलेल्या वायरसह, प्रोजेक्टरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळतो. या जागी साधी पीव्हीसी वायर चालत नाही. सोल्डरही चालत नाही, कारण नेहमीचे शिसे-कथलाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि चालू दिव्याचे पाय त्याहून जास्त तापू शकतात. जोड स्क्रूचा किंवा क्रिंप केलेलाच हवा.

होल्डर ठीक असेल, तर प्लग भिंतीतून काढून पेटी उघडावी. पेटीत मोठे कपॅसिटर असतील, तर प्लग काढल्यावरही काही काळ त्यांत विद्युतभार राहतो. मीटरने व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करूनच आत हात घालावा. फ्यूज तपासून झाल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या गुंडाळीचा रोध मोजावा. सव्वाशे व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचे माप) आसपासच्या ट्रान्सफॉर्मरला तो साधारण १० ते ३० ओहम भरतो. मीटरने रोध अनंत, म्हणजे मार्ग खुला दाखवला, तर गुंडाळी तुटली आहे किंवा तिच्या पट्ट्यांखाली दडलेला थर्मल फ्यूज उडाला आहे. रोध बरोबर असूनही ट्रान्सफॉर्मर जोरात गुणगुणत असेल, काही मिनिटांत हात ठेववणार नाही इतका तापत असेल किंवा व्हार्निश जळल्याचा वास येत असेल, तर गुंडाळीचे वेढे आतल्या आत चिकटले आहेत असे समजावे आणि तो पुन्हा वापरू नये.

दिवा न लावता मोजलेले व्होल्टेज मात्र फसवते. चांगला ट्रान्सफॉर्मर भाराशिवाय तेरा-साडेतेरा व्होल्ट दाखवतो आणि दिवा लागला की बारावर येतो. म्हणून मोजमाप नेहमी भारासह करावे. भार म्हणून मोटारीच्या हेडलाइटचा एच-४ बल्ब उत्तम. तो गाडीच्या सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात मिळतो, आणि त्याच्या ५५ व ६० वॅटच्या दोन्ही फिलामेंट समांतर जोडल्या की ११५ वॅटचा भार तयार होतो. तो विटेवर किंवा फरशीवर ठेवावा, कागद आणि प्लास्टिकपासून दूर. एन्लार्जरचा महागडा दिवा पणाला न लावता नवा पुरवठाही याच बल्बवर तपासता येईल.

परदेशी वायरचे रंग

इथे थोडे थांबून लिहितो, कारण ही चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळा म्हणजे न्यूट्रल आणि हिरवा म्हणजे अर्थ, हे वायरमनच्या हाताला पाठ असते. १९६० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या जर्मन उपकरणांत मात्र लाल वायर अर्थची असे, काळी फेजची आणि राखाडी न्यूट्रलची. असे उपकरण समोर आले आणि सवयीने लाल वायर फेजला जोडली, तर एन्लार्जरच्या संपूर्ण धातूच्या सांगाड्यात २३० व्होल्ट उतरतात. अमेरिकी उपकरणांत काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची असते, म्हणजे आपल्या काळ्याच्या नेमके उलट. युरोपातून आलेल्या नंतरच्या यंत्रांत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ असतो. तोच संकेत आता आपल्याकडेही रूढ आहे. यंत्राचे वय किंवा मूळ ठामपणे माहीत नसेल, तर रंगावर अजिबात विसंबू नये. मल्टीमीटरचा कंटिन्युइटीचा मोड लावून प्रत्येक वायर धातूच्या अंगाशी जोडलेली आहे का, स्विचकडे जाते का, हे तपासूनच ठरवावे.

अमेरिकेहून परतताना आपले जुने यंत्र सोबत आणणाऱ्या मराठी मंडळींसाठी आणखी एक सूचना. तिथला पुरवठा १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येते, पण आपली वारंवारता ५० हर्ट्झच राहते, आणि ६० हर्ट्झसाठी बेतून केलेला लोखंडी गाभा ५० वर जास्त संपृक्त होऊन अधिक तापतो. अशा यंत्राला नवा पुरवठा देणे, दोन ट्रान्सफॉर्मर एकामागे एक लावण्यापेक्षा केव्हाही चांगले.

नवा पुरवठा निवडताना

पर्याय मुख्यतः तीन आहेत. पहिला, २३० ते १२ व्होल्टचा, १६० व्हीएचा टोरॉइडल, म्हणजे कड्यासारख्या गाभ्याचा, ट्रान्सफॉर्मर. तो जुन्या व्यवस्थेच्या सर्वांत जवळचा आहे, टाइमर पूर्वीप्रमाणेच त्याच्या मेन्सच्या बाजूला राहू शकतो, आणि बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसते. त्याचा दोष एकच, पण आपल्या दृष्टीने मोठा : मेन्सचे व्होल्टेज हलले, की त्याच प्रमाणात दिव्याचेही हलते. हॅलोजन दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. मेन्स २३० वरून २१० वर आला, तर व्होल्टेज जेमतेम नऊ टक्के कमी होते, पण प्रकाश सुमारे २७ टक्क्यांनी घटतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्टॉप (प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे म्हणजे एक स्टॉप). दहा सेकंदांच्या एक्स्पोजरला मग साडेतेरा सेकंद लागतात. ज्यांच्याकडे वीज स्थिर आहे किंवा चांगला स्टॅबिलायझर आहे, त्यांनी हाच पर्याय घ्यावा.

दुसरा पर्याय, घरातल्या हॅलोजन दिव्यांसाठी मिळणारा छोटा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. तो स्वस्त आणि हलका असतो, पण मी तो सुचवत नाही. त्यातून येणारे बारा व्होल्ट काही दहा किलोहर्ट्झ वारंवारतेचे असतात, ते साध्या मल्टीमीटरने नीट मोजता येत नाहीत, आणि बहुतेकांत मेन्सच्या चढउतारापासून संरक्षणही नसते. जे मोजता येत नाही, ते जुळवता येत नाही.

तिसरा आणि माझ्या मते आपल्याकडच्या परिस्थितीला सर्वांत योग्य पर्याय म्हणजे १२ व्होल्ट डीसीचा, धातूच्या जाळीदार पेटीतला एसएमपीएस, म्हणजे स्थिर व्होल्टेज देणारा इलेक्ट्रॉनिक स्विचिंगचा पुरवठा. मेन्स १९० असो वा २५०, त्याचे बारा व्होल्ट जागचे हलत नाहीत. दिव्याला एसी-डीसीचा फरक पडत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. क्षमता किमान १५० वॅट, म्हणजे १२.५ अँपिअर असावी. आउटपुट थोडे वर-खाली करण्यासाठी लहान स्क्रूसारखा ट्रिमपॉट हवा. संगणकातून काढलेल्या एसएमपीएसमध्ये तो नसतो, म्हणून तो नको. शक्यतो बिनपंख्याचा घ्यावा. चौथी गोष्ट अतिभारापासूनच्या संरक्षणाची आहे, आणि ती नीट समजून घ्यावी लागते.

थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याइतकाच असतो. आपला दिवा पेटलेला असताना १.४४ ओहमचा, तर विझलेला असताना सुमारे ०.१ ओहमचा असतो. म्हणजे स्विच दाबल्याच्या क्षणी पुरवठ्याला तो जवळपास शॉर्ट सर्किटसारखाच भासतो. काही एसएमपीएस अशा वेळी आउटपुट पूर्ण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतात. परिणामी दिवा लुकलुकत राहतो किंवा पेटतच नाही. दुसऱ्या प्रकारचे एसएमपीएस प्रवाह एका मर्यादेवर रोखून धरतात आणि फिलामेंट तापेपर्यंत तेवढाच देत राहतात. आपल्याला हा दुसरा प्रकार हवा. उत्पादकाच्या माहितीपत्रकात अतिभार संरक्षणाच्या ओळीत 'कॉन्स्टंट करंट लिमिटिंग' असे लिहिलेले असावे. तिथे 'हिकअप' असे लिहिले असेल, तर तो टाळावा, किंवा घ्यायचाच असेल तर २०० वॅटपेक्षा मोठा घेऊन एच-४ बल्बवर तपासल्याशिवाय कामाला लावू नये. सुरुवातीचा झटका रोखण्यासाठी दिव्याच्या ओळीत एनटीसी थर्मिस्टर घालण्याची सूचना कोणी केली, तर ती नाकारावी. थर्मिस्टर तापत जाईल तसा त्याचा रोध कमी होत जातो आणि एक्स्पोजर चालू असतानाच प्रकाश हळूहळू वाढत राहतो. छापाईसाठी याहून वाईट काही नाही.

टाइमर कुठे जोडावा

एसएमपीएस लावणाऱ्यांची सर्वांत सामान्य चूक इथे होते. जुन्या व्यवस्थेत टाइमर ट्रान्सफॉर्मरला जाणारे २३० व्होल्ट जोडत-तोडत असे, आणि ट्रान्सफॉर्मर लगेच प्रतिसाद देई. एसएमपीएसला वीज मिळाल्यापासून बारा व्होल्ट तयार करायला अर्धा सेकंद, कधी एक-दोन सेकंदही लागतात. टाइमर दहा सेकंद मोजेल, पण दिवा साडेआठ किंवा नऊच सेकंद पेटेल. शिवाय हा उशीर पुरवठा गार आहे की नुकताच बंद केला आहे यावर बदलतो. पाच सेकंदांच्या डॉजिंगमध्ये (प्रिंटचा एखादा भाग झाकून उजळ ठेवण्यात) एवढी चूक प्रिंट बिघडवते.

म्हणून एसएमपीएस डार्करूमच्या संपूर्ण सत्रात चालूच ठेवावा आणि टाइमरने बारा व्होल्टची बाजू जोडावी-तोडावी. त्यासाठी २३० व्होल्ट एसीची कॉइल आणि ३० अँपिअरचे कॉन्टॅक्ट असलेला पॉवर रिले घ्यावा. टाइमरमधून येणारे २३० व्होल्ट फक्त रिलेच्या कॉइलला द्यावेत, आणि एसएमपीएसच्या धन टोकाकडून दिव्याकडे जाणारी वायर रिलेच्या कॉन्टॅक्टमधून न्यावी. दहा अँपिअरचा लहान रिले कागदावर पुरेसा वाटतो, पण थंड दिव्याच्या झटक्याने त्याचे कॉन्टॅक्ट काही महिन्यांत एकमेकांना चिकटतात, आणि एकदा ते चिकटले की दिवा विझतच नाही. चांगल्या रिलेला जोडायला काही मिलिसेकंदच लागतात. तो उशीर नगण्य आहे आणि दर वेळी जवळजवळ सारखाच असतो. टाइमरवरचा फोकसचा स्विच पूर्वीसारखाच चालतो.

टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर घेणाऱ्यांना यातले काहीही करावे लागत नाही. त्यांनी फक्त मेन्सच्या बाजूला हळू उडणारा फ्यूज घालावा, कारण टोरॉइड चालू होताना क्षणभर बराच प्रवाह खेचतो.

पेटीची जोडणी

एसएमपीएस, रिले आणि फ्यूज एका धातूच्या, हवा खेळेल अशा पेटीत बसवावेत. ही पेटी ओल्या टेबलाच्या बाजूला, एन्लार्जरच्या बेसबोर्डवर किंवा खांबावर बसवू नये. कोरड्या बाजूच्या भिंतीवर, टेबलाच्या उंचीपेक्षा वर लावलेली बरी, म्हणजे सांडलेले डेव्हलपर तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. मेन्सची केबल तीन वायरचीच हवी. अर्थची वायर पेटीच्या धातूला रंग खरवडून, दातेरी वॉशर आणि स्वतंत्र स्क्रूने बसवावी, आणि तिथूनच एसएमपीएसच्या अर्थच्या टर्मिनलला न्यावी. ती आतल्या इतर वायरपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे केबल ओढली गेलीच तर अर्थ सगळ्यांत शेवटी सुटेल. केबल पेटीत शिरते तिथे ग्लँड (केबल घट्ट धरून ठेवणारी कडी) लावावा.

फेजच्या वायरमध्ये २ अँपिअरचा हळू उडणारा फ्यूज घालावा. दिव्याच्या बाजूला, एसएमपीएसच्या अगदी जवळ, गाडीत असतो तसा १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज लावावा. १० अँपिअरचा फ्यूज नीटनेटका वाटतो, पण ८.३३ अँपिअर सतत वाहत असताना तो मर्यादेच्या फार जवळ राहतो आणि काही महिन्यांनी विनाकारण उडतो. दिव्याची वायर १५ अँपिअर पेलणारी असावी, ही मात्र पूर्वअट. काही एसएमपीएसच्या बाजूला जाळीच्या आत ११५ आणि २३० असा छोटा सरकता स्विच असतो. वीज देण्याआधी तो २३० वर आहे ना, हे टॉर्च लावून पाहावे. तो ११५ वर राहिला, तर पहिल्याच क्षणी पुरवठा निकामी होतो.

हेडची मूळ केबल आणि तिचा साचेबंद प्लग कापू नये. शक्य असेल तिथे जुन्या पेटीचे सॉकेट काढून नव्या पेटीवर बसवावे आणि जुना ट्रान्सफॉर्मर बांधून ठेवावा. उद्या कोणाला यंत्र मूळ अवस्थेत हवे असेल, तर ते परत आणता आले पाहिजे. यांतली बहुतेक यंत्रे आता नव्याने बनत नाहीत. जुने सॉकेट जळालेले असेल, तर नव्याचे रेटिंग किमान १५ अँपिअरचे ठेवावे, आणि ते मेन्सच्या प्लगशी कधीही जुळणार नाही अशा आकाराचे असावे.

वायरची जाडी हा वरवर किरकोळ वाटणारा, पण निकाल ठरवणारा भाग आहे. पेटीपासून हेडपर्यंत दोन मीटर केबल धरली, तर प्रवाह जाऊन-येऊन चार मीटर तांब्यातून वाहतो. एक चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ८.३३ अँपिअरला त्यात सुमारे ०.५७ व्होल्ट हरवतात, दिव्याला ११.४३ व्होल्टच मिळतात आणि प्रकाश पंधरा टक्क्यांनी घटतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हेच नुकसान ०.२३ व्होल्टवर येते. ट्रिमपॉटने तेवढे व्होल्टेज वाढवून भरपाई करता येते हे खरे, पण बारीक वायर तापते, तापली की तिचा रोध वाढतो, आणि आपण मिळवलेली स्थिरता तिच्यातच वाया जाते. म्हणून अडीचचीच मऊ, अनेक तारांची वायर घ्यावी, टोकांना योग्य मापाचे लग (धातूची जोडटोके) क्रिंप करावेत, म्हणजे दाबून बसवावेत, आणि हेड खाली-वर करताना केबल ताणली जाणार नाही इतकी लांबी ठेवून खांबाला सैल बांधावी.

एसएमपीएसवर छोटा हिरवा एलईडी असतो. दिवसा तो लक्षातही येत नाही. पण मल्टिग्रेड कागद (फिल्टरने कॉन्ट्रास्टची ग्रेड बदलता येणारा कृष्णधवल कागद) निळ्याबरोबर हिरव्या प्रकाशालाही संवेदनशील असतो, आणि रंगीत कागदाला तर सगळेच रंग दिसतात. पेटीच्या झरोक्यांतून येणारा तो प्रकाश रोखण्यासाठी एलईडीवर काळी पट्टी लावावी, आणि पाच मिनिटे अंधारात बसून कुठून काही दिसते का ते पाहावे.

पहिली चाचणी आणि जुळणी

प्रथम दिवा व एच-४ बल्ब दोन्ही न जोडता वीज द्यावी आणि आउटपुट साधारण १२ व्होल्ट आहे का ते पाहावे. मग प्लग काढून पेटीचे धातूचे अंग आणि प्लगची मोठी पिन यांच्यात पूर्ण जोड आहे याची मीटरने खात्री करावी. त्यानंतर एच-४ बल्ब जोडून टाइमरने पाच-पाच सेकंदांचे वीस-पंचवीस स्ट्रोक द्यावेत. प्रत्येक वेळी बल्ब न लुकलुकता पेटला पाहिजे आणि न रेंगाळता विझला पाहिजे. पाच मिनिटे सलग चालवल्यावर वायर, लग, फ्यूजचा होल्डर आणि रिले यांना वीज बंद करून हात लावून पाहावा. जिथे चटका बसेल, तिथला जोड सैल आहे.

आता एन्लार्जरचा दिवा. जुळणी होल्डरपाशीच करायची असल्यामुळे, होल्डरच्या दोन्ही टोकांना उष्णता सोसणाऱ्या दोन बारीक वायर तात्पुरत्या स्क्रूखाली धरून हेडबाहेर काढाव्यात आणि त्यांवर मीटर लावावा. या वायरमधून प्रवाह जवळजवळ वाहत नाही, त्यामुळे त्यांच्या बारीकपणाने मोजमाप चुकत नाही. मोजमाप सुरू करण्याआधी ट्रिमपॉट कमीत कमी स्थितीत आणून ठेवावा. मग दिवा लावून दोन मिनिटे तापू द्यावा आणि प्लास्टिकच्या मुठीच्या पेचकसाने व्होल्टेज हळूहळू वाढवावे. मी ते ११.८ वर थांबवतो. बारापेक्षा हे फक्त ०.२ कमी, प्रकाश सहा टक्क्यांच्या आत घटतो, पण दिव्याचे आयुष्य व्होल्टेजच्या सुमारे तेराव्या घाताने बदलत असल्यामुळे ते जवळजवळ पाव पटीने वाढते. उलट, पाच टक्के जास्त व्होल्टेज दिले, तर आयुष्य निम्म्यावर येते. ज्या दिव्याचे आयुष्य मुळात पन्नास तासांच्या घरात आहे आणि जो दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालला आहे, त्याच्या बाबतीत हा हिशेब महत्त्वाचा आहे.

जुळणी झाल्यावर ट्रिमपॉटवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकावा, म्हणजे तो कंपनाने फिरणार नाही. मोजमापाच्या वायर काढून टाकाव्यात आणि हेड मूळ आवरणासह बंद करावे. आवरण उघडे ठेवून पंख्याची हवा बरोबर वाहत नाही.

शेवटची परीक्षा कागदावर करावी. नेगेटिव्ह न लावता, लेन्स एफ-८ वर ठेवून, फिक्का राखाडी रंग येईल इतके एक्स्पोजर शोधावे. मग तेच एक्स्पोजर एकाच कागदाच्या पट्टीवर तीन वेळा, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने द्यावे, आणि त्यांपैकी एकदा तरी घरातले गीझर किंवा इस्त्रीसारखे जड उपकरण चालू ठेवावे. पट्टी एकदाच डेव्हलप करावी. तिन्ही राखाडी चौकोन उजेडात एकमेकांपासून वेगळे ओळखता आले नाहीत, तर पुरवठा आपले काम करतो आहे. वेगळे दिसले, तर आधी होल्डर, मग लग आणि मग टाइमर या क्रमाने शोध घ्यावा. फिलामेंट पूर्ण तापायला दर वेळी सेकंदाचा काही अंश लागतोच, म्हणून ही चाचणी आणि नेहमीची छापाईही दहा सेकंदांच्या वरच्या एक्स्पोजरवर ठेवावी. लेन्स आणखी बंद केली की तेवढा वेळ मिळतो.

जुन्या वहीतली एक्स्पोजर आणि फिल्टरच्या नोंदी आता जशाच्या तशा उपयोगी पडणार नाहीत. कृष्णधवल मल्टिग्रेडसाठी बहुधा फक्त वेळेत बदल करावा लागतो, ग्रेड फारशी सरकत नाही. रंगीत छापाईत मात्र दिव्याचे रंगतापमान बदलल्यामुळे पिवळा आणि मजेंटा फिल्टर नव्याने बसवावे लागतात; त्यासाठी ओळखीचे एक नेगेटिव्ह राखून ठेवावे आणि पहिला प्रिंट त्याचाच काढावा. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर दिव्याचा संकेत, होल्डरपाशी मोजलेले व्होल्टेज, दोन्ही फ्यूजची मापे, वायरच्या रंगांचा अर्थ आणि जुळणीची तारीख लिहावी. दिवा बदलला की व्होल्टेज पुन्हा मोजावे आणि नवी तारीख जुनीच्या खाली घालावी.